जर्मनीची ओळख, मंडईच्या वाटेने

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात कपड्यांइतकीच जागा गोडा मसाला, पापड, लोणचे, पोहे आणि कुकर यांनी व्यापलेली असते. यात हसण्यासारखे काही नाही. नवी भाषा, नवी हवा आणि नवी माणसे यांना एकाच वेळी सामोरे जायचे असताना निदान ताटातले जेवण तरी ओळखीचे असावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. मात्र हे सामान फार तर दोन-तीन महिने पुरते. त्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो तो तिथल्या बाजारहाटाचा.

अशा वेळी दोन वाटा असतात. पहिली वाट शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भारतीय दुकानाची. तिथे तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सारे मिळते. पण सातासमुद्रापलीकडून आलेल्या मालाची किंमत त्याच्या प्रवासासकट मोजावी लागते. दुसरी वाट घराजवळच्या साध्या दुकानाची आणि आठवड्यातून भरणाऱ्या बाजाराची. तिथला माल ताजा आणि तुलनेने स्वस्त असतो, पण त्यावरची नावे परकी असतात. बहुतेक नवखी मंडळी पहिल्या वाटेने जातात आणि कित्येक महिने त्याच वाटेवर राहतात. वास्तविक मराठी स्वयंपाकाला लागणाऱ्या बऱ्याचशा जिनसा दुसऱ्या वाटेवरच, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, वेगळ्या नावाने मांडलेल्या असतात. अडचण मालाची नसते, नावाची असते.

ही गोष्ट जर्मनीच्या उदाहरणावरून चांगली समजते. महाराष्ट्राचा त्या देशाशी असलेला संबंध जुना आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही शहरे १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून तिकडे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्यांची संख्या लहान नाही. त्यातल्या विद्यार्थ्यांचा हिशेब तर फारच काटेकोर असतो. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, बँकेत बांधून ठेवावे लागू लागले. घरभाडे आणि आरोग्यविमा भागवून यातून जे उरते, त्यातच महिन्याचे जेवण बसवायचे असते. त्यामुळे दुकानातली पाटी वाचता येणे हा हौसेचा नव्हे, गरजेचा विषय ठरतो.

रविवार : दुकानांचा विश्रांतीचा दिवस

नवख्या माणसाला पहिला धडा मिळतो तो बहुधा रविवारी. आपल्याकडे रविवार हा खरेदीचा दिवस. जर्मनीत मात्र रविवारी आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी दुकाने बंद असतात. याला सवयीइतकाच कायद्याचाही आधार आहे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखावा, असे १९१९ च्या वायमार राज्यघटनेतले कलम आहे आणि १९४९ च्या सध्याच्या राज्यघटनेने ते जसेच्या तसे स्वीकारले आहे. नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची बर्लिनची तरतूद २००९ मध्ये घटना न्यायालयाने याच आधारावर अमान्य केली.

इतर दिवसांच्या वेळाही पूर्वी फार कडक होत्या. १९५६ च्या कायद्याप्रमाणे दुकाने संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनलाच बंद करावी लागत. पुढे हे नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि २००६ पासून वेळा ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. म्हणूनच बर्लिनमध्ये आठवड्याच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत खरेदी करता येते, तर बव्हेरियात सर्वसाधारणपणे रात्री आठला दुकाने बंद होतात. मोठी रेल्वे स्थानके, विमानतळ आणि पेट्रोल पंप यांना सवलत आहे. बेकरीही रविवारी काही तास उघडी असते. नाताळात २५ आणि २६ डिसेंबर हे दोन्ही दिवस सुटीचे असतात. त्यातच रविवार जोडून आला तर सलग तीन दिवसांचे सामान घरात असावे लागते. शनिवारी संध्याकाळी दुकानांत जी झुंबड दिसते, तिचे कारण हेच.

दुकानांचे प्रकार

जर्मन शहरात वाणसामानाची दुकाने एकाच जातीची नसतात. पहिला प्रकार स्वस्त दुकानांचा. आल्डी, लीडल, पेनी, नेट्टो ही त्यातली प्रमुख नावे. आल्डीची कथा मुळातूनच बोधप्रद आहे. एसेन या खाणकामगारांच्या शहरात अल्ब्रेख्त कुटुंबाने १९१३ मध्ये एक छोटे दुकान काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या दोघा भावांनी ते हाती घेतले. मोजक्या जिनसा, सजावट नाही, उधारी नाही, आणि त्यातून वाचलेला पैसा किमतीत वजा, असा त्यांचा साधा हिशेब होता. १९६० च्या सुमारास दुकानात सिगारेटी विकाव्यात की नाही, यावरून भावांचे मतभेद झाले, असे सांगतात. त्यांनी धंद्याची उत्तर आणि दक्षिण अशी वाटणी करून घेतली. ती आजही कायम आहे. स्टुटगार्टमध्ये दिसते ती दक्षिण आल्डी, बर्लिनमध्ये दिसते ती उत्तर आल्डी.

दुसरा प्रकार एडेका, रेवे यांसारख्या भरलेल्या सुपरमार्केटचा. इथे निवड जास्त आणि किंमतही थोडी चढी. एडेका हे नाव ज्या आद्याक्षरांवरून आले, त्यांचा अर्थ 'वसाहतींचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांची खरेदी संस्था' असा होतो. १८९८ मध्ये बर्लिनच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन ती स्थापन केली. 'वसाहतींचा माल' म्हणजे कॉफी, चहा, साखर, तांदूळ आणि मसाले. जर्मन किराणा दुकानाचे जुने नावच मुळी आशिया-आफ्रिकेतून आलेल्या मालावरून पडले होते.

तिसरा प्रकार 'द्रोगेरी' या नावाचा. नावावरून ते औषधांचे दुकान वाटते, पण डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे तिथे मिळत नाहीत. त्यासाठी 'आपोटेके'तच जावे लागते. द्रोगेरीत साबण, दंतमंजन आणि लहान मुलांच्या वस्तू असतात, हे खरे. पण एका कोपऱ्यात सेंद्रिय मसूर, हरभरे, तांदूळ, पीठ आणि सुकामेवाही असतो. घाईघाईने शॅम्पू घेऊन बाहेर पडणाऱ्याला हा कोपरा कित्येक महिने दिसतच नाही.

कोणत्याही दुकानात मोठ्या अक्षरांतल्या किमतीखाली बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो. त्याला 'ग्रुंडप्राइस', म्हणजे मूळ दर, म्हणतात. मे २०२२ पासून हा दर सर्वसाधारणपणे एक किलो किंवा एक लिटरमागेच दाखवण्याचे बंधन आहे. लहान पाकीट, मोठे पाकीट, 'खास सवलत' अशा साऱ्या गोंधळात खरी तुलना करायची ती याच आकड्यावरून. पाटीवरच्या किमतीत कर धरलेला असतो. बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के, तर सरबते, बाटलीबंद पाणी आणि ओटचे वा सोयाबीनचे पेय यांवर १९ टक्के कर लागतो. गाईचे दूध ७ टक्क्यांत आणि ओटचे 'दूध' १९ टक्क्यांत, हा भेद पावतीवर स्पष्ट दिसतो.

पिठापासून तुपापर्यंत

आता नावांकडे वळू. चपातीसाठी पीठ घ्यायला गेले की पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे दिसतात. हे आकडे किमतीचे नाहीत की दळणाच्या जाडीचेही नाहीत. १०० ग्रॅम पीठ पूर्ण जाळल्यावर साधारण जितके मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजे, मागे राहतात तो हा आकडा. गव्हाचा कोंडा जितका जास्त, तितकी राख जास्त. म्हणून ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा, आणि १०५० हे बऱ्यापैकी कोंडा असलेले पीठ. 'फोलकोर्न' असे लिहिलेल्या पिठात गव्हाचा सबंध दाणा दळलेला असतो, त्यामुळे त्यावर आकडाच नसतो. १०५० आणि फोलकोर्न समप्रमाणात मिसळले तर चपातीला चालण्याजोगी कणीक होते. तिला पाणी बेताने घालावे आणि ती मुरू द्यावी. 'रोगेन' म्हणजे राय हे धान्य. त्याची कणीक चिकट होते, चपातीच्या वाटेला ते नेऊ नये. 'हिर्झे' नावाचे बारीक पिवळे तृणधान्य पाहून बाजरी मिळाल्याचा आनंद होतो, पण ती भाकरीची बाजरी नव्हे.

'ग्रीस' म्हणजे रवा. तो प्रत्येक दुकानात मिळतो. मऊ गव्हाचा रवा शिऱ्याला बरा, आणि 'हार्टवाइत्सेन' म्हणजे कठीण गव्हाचा रवा उपम्याला अधिक मोकळा होतो. 'रोटे लिन्झेन' ही साल काढलेली मसूर डाळ. 'किशरएर्ब्सेन' म्हणजे काबुली हरभरे, आणि त्यांच्या पिठाचे नाव 'किशरएर्ब्सेनमेल'. बेसन हरभऱ्याच्या डाळीचे, हे काबुली हरभऱ्याचे. तरी पिठले आणि भजी दोन्हींना ते चालते. साबुदाण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. जर्मन दुकानातला 'झागो' पुष्कळदा बटाट्याच्या स्टार्चपासून केलेला असतो. उपवासाला त्याची अडचण नसली तरी त्याची खिचडी आपल्यासारखी होत नाही. खिचडीसाठी टॅपिओकाचे दाणे आशियाई दुकानातूनच आणावे लागतात.

दुधाच्या पदार्थांचा विभाग जर्मन दुकानाचा सर्वांत समृद्ध भाग मानावा लागेल. 'क्वार्क' हा न मुरवलेल्या ताज्या चीजचा प्रकार आपल्या चक्क्याचा जवळचा नातलग आहे. परदेशातल्या कित्येक मराठी घरांत पाडव्याचे श्रीखंड क्वार्कचेच होते. त्यावरचे २० वा ४० टक्के हे आकडे पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचे आहेत. श्रीखंडासाठी ४० टक्क्यांचा क्वार्क घेऊन काही तास फडक्यात बांधून ठेवला की काम होते. दह्याच्या डब्यावर 'मिल्ड' असे लिहिले असेल तर ते दही कमी आंबट लागते. कढीसाठी तो शब्द नसलेला डबा घ्यावा. 'बुटरमिल्श' हे दाटसर आंबट ताक आहे आणि ते सर्वत्र मिळते.

दुधावर साय येत नाही, ही नवख्या गृहिणीची नेहमीची तक्रार असते. इथले बहुतेक दूध पाश्चरायझेशनबरोबर होमोजिनाइज केलेले असते. म्हणजे त्यातले स्निग्ध कण बारीक करून साऱ्या दुधात मिसळून टाकलेले असतात. ते वर येऊन साय धरत नाहीत. सेंद्रिय मालाच्या दुकानात होमोजिनाइज न केलेले दूध मिळते. अर्थात तुपासाठी साय साठवण्याचे कारणच नाही. लोण्याचे दोन प्रकार असतात. गोड सायीचे आणि विरजलेल्या सायीचे. यातले दुसरे, 'झाउअररामबुटर', कढवले की घरच्या लोण्याच्या तुपाचा वास येतो. तेवढाही वेळ नसेल तर 'बुटरश्माल्त्स' या नावाने तयार तूप साध्या दुकानातच असते, आणि भारतीय दुकानातल्या आयात तुपाहून ते बहुधा स्वस्त पडते.

एका शब्दाची चूक

परंतु याच ठिकाणी सर्वांत मोठा धोकाही आहे. 'बुटरश्माल्त्स' म्हणजे लोण्याचे तूप. नुसते 'श्माल्त्स' म्हणजे मात्र डुकराची किंवा हंसाची चरबी. दोन्ही पांढरट, दोन्ही एकाच शीतकपाटात शेजारीशेजारी. शाकाहारी घरातल्या माणसासाठी या एका शब्दाचा फरक लहान नाही.

भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होण्याची सवय आपल्याला लागली आहे. जर्मनीत अशी सक्तीची खूण नाही. पिवळ्या-हिरव्या 'व्ही' अक्षराची खूण दिसते, पण ती उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून असते. ती नसली म्हणजे पदार्थ मांसाहारी असे नव्हे, आणि त्यामुळे घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नसते. यादीत शोधायचे शब्द मोजकेच आहेत. 'गेलाटीने' हे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात आणि ते मुलांच्या गोळ्यांत, जेलीत, काही दह्यांतही असते. 'श्पेक' म्हणजे डुकराचे खारवलेले मांस. डाळीच्या डबाबंद सूपमध्येसुद्धा ते असू शकते. 'लाब' म्हणजे चीज बनवताना दूध फाडण्यासाठी घालतात ते रेनेट. ते वासराच्या जठरातून काढलेले असू शकते किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेले. 'मिक्रोबिएलेस लाब' असे लिहिले असेल तर ते दुसऱ्या प्रकारचे. इटलीहून येणाऱ्या अस्सल पार्मेजान चीजमध्ये नियमानुसार वासराचेच रेनेट असते. क्वार्कमध्येही थोडे रेनेट घालण्याची पद्धत आहे, म्हणून काटेकोर शाकाहारी माणसाने 'व्ही'ची खूण असलेला डबाच निवडावा.

ज्यांना एखाद्या पदार्थाचे वावडे आहे, त्यांना मात्र ही यादी मोठा दिलासा देते. डिसेंबर २०१४ पासून साऱ्या युरोपीय संघात दूध, गहू, भुईमूग, तीळ, मोहरी यांसह १४ प्रकारचे घटक यादीत ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. तारखेचेही दोन प्रकार आहेत. एक तारीख सांगते की तोवर पदार्थाचा दर्जा निश्चित टिकतो; ती उलटली तरी दही वा बिस्किटे वास-चव पाहून खाता येतात. दुसरी तारीख कच्चे मांस, मासे अशा नाशवंत पदार्थांवर असते. ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. पहिल्या तारखेच्या जवळ आलेला माल पुष्कळदा कमी किमतीचा कागद चिकटवून ठेवलेला असतो, आणि विद्यार्थ्यांची नजर तिकडेच आधी जाते.

आठवडी बाजाराची रीत

दुकानात नावे शिकता येतात. बोलायला शिकायचे तर आठवडी बाजारात जावे लागते. स्टुटगार्टच्या मार्क्टप्लाट्स आणि शिलरप्लाट्स या चौकांत मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असा बाजार भरतो. जवळच १९१४ मध्ये बांधलेली देखणी बंदिस्त मंडई आहे. म्युनिकचा फिक्टुआलियनमार्क्ट १८०७ पासून आजच्या जागी आहे; शहराच्या मुख्य चौकात गर्दी मावेना, म्हणून राजाज्ञेने तो तिथे हलवला गेला. हॅम्बुर्गचा मासळीबाजार १७०३ पासून भरतो, आणि तोही रविवारी पहाटे. नाशवंत मासळी चर्चच्या वेळेआधी विकून टाकता यावी म्हणून दिलेली ही सवलत तीन शतकांनंतरही टिकून आहे.

या बाजाराची शिस्त आपल्या मंडईपेक्षा निराळी आहे. टोमॅटो दाबून पाहणे, भेंडीचे टोक मोडणे हे तिथे चालत नाही. मालाला हात विक्रेताच लावतो; गिऱ्हाइकाने बोट दाखवून मागायचे. घासाघीस नाही. वजन मात्र जुन्या भाषेत चालते. 'आइन प्फुंड' म्हणजे एक पौंड. पण हा इंग्रजी पौंड नव्हे. एकोणिसाव्या शतकात जर्मन जकात संघाने पौंड बरोबर ५०० ग्रॅमचा ठरवला, आणि अधिकृत मापातून तो गेल्यावरही बोलण्यात राहिला. आपल्याकडे 'पावशेर' हा शब्द शेर गेल्यावरही राहिला, तसेच हे. वजन करताना विक्रेता हमखास विचारतो, 'थोडे जास्त झाले तर चालेल का?' त्याला होकार देणे हा संभाषणाचा पहिला पाठ असतो.

भाजी ओळखणे फारसे कठीण नाही. 'कोलराबी' म्हणजे नवलकोल, 'रेटिश' म्हणजे मुळा, 'श्पिनाट' म्हणजे पालक. 'पापरिका' म्हणजे ढोबळी मिरची, आणि 'पेपेरोनी' म्हणजे तिखट मिरची. 'कोरिआंडर' म्हणजे कोथिंबीर. तिच्याशेजारी ठेवलेली 'पेटरसिली' हुबेहूब तशीच दिसते, पण तिचा वास वेगळा. जुडी नाकाशी नेता येत नसल्याने नाव विचारणे हाच उपाय. बटाटेही तीन जातींचे असतात. 'फेस्टकोखंड' शिजल्यावर घट्ट राहतात, ते काचऱ्यांना चांगले. 'मेलिशकोखंड' पिठूळ होतात, ते बटाटेवड्याला. मधली जात रस्साभाजीला. पुड्यावरचा हा शब्द न वाचता केलेला बटाटेवडा चिवट झाला, तर दोष कृतीचा नसतो.

ऋतूचे भानही या बाजारातच येते. एप्रिलच्या मध्यापासून पांढऱ्या 'श्पारगेल'चे, म्हणजे शतावरीच्या कोंबांचे, ढीग दिसू लागतात आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, परंपरेने तो हंगाम संपतो. आपल्याकडे हापूसची वाट पाहावी तशी तिथे श्पारगेलची वाट पाहिली जाते. 'आयगेनर आनबाउ' अशी पाटी असेल तर तो माल विक्रेत्याने स्वतःच्या शेतात पिकवलेला असतो. बाजार उठायच्या वेळी विक्रेते स्वतःहून दर उतरवतात. तेवढी एकच वेळ मराठी मंडईची आठवण करून देते.

तुर्की दुकानाचा शेजार

घरचा स्वयंपाक करणाऱ्या भारतीय माणसाला जर्मनीत सर्वांत मोठा आधार मिळतो तो तुर्की दुकानाचा. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांच्या भरतीचा करार केला. कारखान्यांत राबायला आलेली ही माणसे काही वर्षांत परत जातील, असा हिशेब होता. १९७३ मध्ये भरती थांबली. पण आलेल्यांपैकी बरेच जण राहिले, त्यांची कुटुंबे आली, आणि त्यांच्या जेवणासाठी दुकाने उभी राहिली. कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, भेंडी, लहान वांगी, हिरव्या मिरच्या, डाळिंबे, मेथीदाणे, तीळ, सर्व तऱ्हेच्या डाळी आणि दहा टक्के स्निग्धांशाचे घट्ट दही हे सारे तिथे मिळते. बर्लिनच्या मायबाखउफर येथे कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी भरणारा बाजार तर याच शेजारातून वाढला. ज्या गरजेने आज मराठी विद्यार्थी भेंडी शोधतो, त्याच गरजेने साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी ती तिथे आणून ठेवली.

बाटलीचे पैसे

दुकानाच्या दारात लोक रिकाम्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन एका यंत्रापुढे उभे दिसतात. या पद्धतीचे नाव 'प्फांट', म्हणजे अनामत. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डबे यांवर १ जानेवारी २००३ पासून २५ सेंटची अनामत घेतली जाते; पुन्हा भरून वापरायच्या बाटल्यांवर ती साधारणपणे ८ किंवा १५ सेंट असते. बाटली यंत्रात टाकली की चिठ्ठी येते, आणि ती चिठ्ठी गल्ल्यावर दिली की पैसे वळते होतात. आरेच्या दुधाची रिकामी बाटली देऊन भरलेली आणणाऱ्या मुंबईकराला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. नवखा माणूस मात्र पहिले काही आठवडे या बाटल्या कचऱ्यात टाकून देतो. चार बाटल्यांमागे एक युरो हकनाक जातो. ज्यांना परत करण्याचा कंटाळा येतो, ते लोक बाटल्या कचरापेटीत न टाकता तिच्या बाजूला ठेवतात, कारण त्या गोळा करून गुजराण करणारी माणसेही त्या श्रीमंत देशात आहेत.

गल्ल्यावरचा वेग हा आणखी एक अनुभव. हातगाडी सोडवायला नाणे लागते, पिशवी स्वतःची न्यावी लागते. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या गल्ल्यावर देण्यास १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. महाराष्ट्राने अशी बंदी २०१८ मध्येच आणली होती, त्यामुळे कापडी पिशवीची सवय मराठी माणसाला नवी नाही. दोन गिऱ्हाइकांच्या मालामध्ये आडवी पट्टी ठेवायची, आणि पलीकडे सरकलेला माल झटपट गाडीत टाकून बाजूला व्हायचे. मागचा माणूस बोलत नाही, पण ताटकळतोही नाही.

सामानात काय नेऊ नये

घरून नेण्याच्या जिनसांबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठीसुद्धा मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा आणि आईने कढवून दिलेले तूप हे सारे या नियमात सापडते. मासळीला ठरावीक मर्यादेत मुभा आहे. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे, भाज्या आणि पाने यांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना त्यातून सूट आहे. हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याच्या ओल्या डहाळ्या हौसेने नेल्या, तर त्या विमानतळावरच सोडाव्या लागू शकतात. हापूसने युरोपचा रोष एकदा अनुभवला आहे. फळमाशी सापडल्यामुळे मे २०१४ पासून भारतीय आंब्याला युरोपात मज्जाव होता, तो जानेवारी २०१५ मध्ये उठवण्याचा निर्णय झाला. नियमांची ही पार्श्वभूमी लक्षात घेता दळलेले मसाले, वाळलेले कोकम आणि पापड-कुरडया नेणे शहाणपणाचे. तूप तिथे मिळतेच, नाव तेवढे माहीत हवे.

डाळ कुणाची?

एखाद्याला नको तिथे पाठवायचे असेल तर 'मिरी पिकते तिथे जा' असे जर्मन माणूस म्हणतो. म्हणजे जगाच्या टोकाला. मिरी पिकते ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. त्या 'जगाच्या टोका'हून आलेला माणूस आज त्यांच्या दुकानात उभा राहून पिठाचा आकडा वाचतो आहे, ही घटना लहान वाटली तरी तिच्यात दोन्ही बाजूंचे अंतर कमी होण्याची शक्यता आहे.

याची साक्ष डाळच देते. स्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन प्रांतात मसूर हे लोकांचे रोजचे अन्न. 'श्पेट्झले' नावाच्या शेवयांबरोबर ती खाल्ली जाते. श्वेबिश आल्ब या डोंगराळ मुलुखातली मसुराची शेती विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. १९८० च्या दशकात एका शेतकरी कुटुंबाने ती पुन्हा सुरू केली. पण स्थानिक वाणाचे बी तिथे उरलेच नव्हते. ते २००६ मध्ये सापडले रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात. तिथून आलेल्या मूठभर दाण्यांपासून ते वाण वाढवले गेले, आणि आज 'आल्ब-लाइझा' या नावाने ती मसूर बाजारात मिळते. हरवलेली डाळ परत मिळवण्यासाठी इतकी खटपट करणाऱ्या लोकांना, डाळीसाठी शहर पालथे घालणाऱ्या मराठी माणसाची तळमळ समजावून सांगावी लागणार नाही.

तूरडाळ, साबुदाणा आणि जाडे पोहे यांसाठी भारतीय दुकानाची वारी चुकणार नाही, आणि ती चुकवण्याचे कारणही नाही. पण महिन्याचे बाकीचे सामान जवळच्या दुकानातून आणि चौकातल्या बाजारातून येऊ लागले की दोन गोष्टी घडतात. खर्च आटोक्यात येतो, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की बाजारातला विक्रेता तिसऱ्या-चौथ्या शनिवारी त्या माणसाला ओळखू लागतो आणि न मागता पिठूळ बटाटे पुढे करतो. परक्या गावात आपल्याला कुणीतरी ओळखते, याचे मोल कुठल्याही पावतीवर छापलेले नसते.